हिंमतरावांची पावडर आणि भाविकाचे मासे

कोरीटच्या पाण्याच्या टाकीत रोज सकाळी जंतू मारणारी टीसीएल पावडर टाकायची, ती हिंमतरावांनीच. सरपंच बदलले, ग्रामसेवक आले नि गेले, पावडर काही चुकली नाही. ती टाकून झाली की ते गावाच्या पार टोकाला यायचे, शेवटच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत धरायचे आणि त्यात तपासणीचे थेंब सोडायचे. पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन इथवर पोचलं, गाव निर्धास्त. हा शेवटचा नळ त्यांच्या स्वतःच्याच घरचा होता. पिवळा रंग दिसला की मगच हिंमतराव चहाला बसत.

मुलगी भाविका लग्न होऊन खापरला गेली, तेव्हा तिच्या काचेच्या पेटीतले चार गोल्डफिश माहेरीच राहिले. सासूबाई माळकरी. मासा शिजवा नाहीतर पोहवा, मासा तो मासाच, असं त्यांचं म्हणणं. निघताना भाविकाने बापाच्या हातात एक निळी बाटली दिली. "माशासनं औषध शे, आबा. पानी बदलं का टाकत जा."

बाटली संपेस्तोवर हिंमतरावांनी इमानेइतबारे औषध टाकलं. मग म्हणाले, चांगले धडधाकट मासे, त्यांना कशाला औषधाची सवय लावायची? पुढच्या खेपेला नुसतंच पाणी बदललं आणि दुपारपर्यंत दोन मासे उताणे झाले.

संध्याकाळी भाविकाचा फोन आला. "मासा कसा शेतस?"

"खेळी ऱ्हायनात," हिंमतराव म्हणाले. खोटं बोलायचा सराव नव्हता, म्हणून फोन लगेच बायकोकडे, मंगलाबाईंकडे दिला. भाविका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, येणार होती. लग्नानंतरची तिची पहिलीच आखाजी. पोर माहेरी यावी आणि पेटी रिकामी दिसावी, हे त्यांना चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रिकामी बाटली खिशात घालून त्यांनी नंदुरबार गाठलं. मासे विकणाऱ्या रतिलालने बाटली बघितली. "काका, हाई औषध नही. नळना पानीमातलं क्लोरीन मारानं रसायन शे. तुम्हना गावमा कोनी तरी दाबीसन पावडर टाकस वाटस."

"टाकस एक जन," हिंमतराव म्हणाले.

पण नवी बाटली त्यांनी घेतली नाही. सकाळी आपणच टाकायचं आणि दुपारी आपणच मारायचं, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. तेव्हा रतिलालने दुसरी वाट सांगितली. पाणी एक दिवस भरून ठेवा, क्लोरीन आपोआप उडून जाईल.

हिंमतरावांनी अंगणात ड्रम भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच पाणी पेटीत ओतलं आणि तिसरा मासा गेला. रतिलालच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ते अंगणात आले, तर मंगलाबाई नव्याने भरलेल्या ड्रमवर झाकण ठेवून वरून फडकं बांधत होत्या. कालही त्यांनी हेच केलं होतं.

"झाकन कसाले?"

"उघडं पानी कोन ठेवस? गावले तुम्हीच सांगतस ना, पानी झाकी ठेवा म्हनीसन?"

पंचायतीच्या भिंतीवर ते वाक्य हिंमतरावांनीच रंगवलं होतं. त्यांनी झाकण काढलं, बाईंनी पुन्हा ठेवलं. दिवसभर हेच चाललं. अखेर डासांपुरतं जाळीचं कापड, यावर तह झाला. चौथा मासा जगला.

आखाजीच्या आदल्या सकाळी मात्र टाकीवर पावडर मोजताना त्यांचा हात थबकला. एकच मासा उरलाय. एक दिवस मूठभर कमी टाकली तर कोणाला कळणार आहे? पण शेवटचा नळ पिवळा झाला नसता, आणि तो बघणारा माणूस ते स्वतःच होते. त्यांनी पावडर पुरती टाकली आणि वर स्वतःलाच चार शिव्या घातल्या.

भाविका आली, ती हातातली पिशवी खाली न ठेवताच पेटीपाशी गेली. एकटा मासा फिरत होता.

"आबा, पावडर कमी करी का तुम्हीन?"

"नही."

"मंग हाऊ कसा जगना?"

"पानी उघडं ठेईसन. बाकीना मन्हा पावडरवरी मरनात." हिंमतरावांचा आवाज चढला. "तुले माहीत व्हतं. औषध म्हनीसन बाटली दिन्ही तू."

भाविकाने पिशवी खाली ठेवली. "सारं गाव तुम्हना पानीले वास येस म्हनीसन नावं ठेवस, आबा. घरमा मी बी तेच म्हनू का?"

गावाचं बोलणं हिंमतरावांना कधी लागलं नव्हतं. हे लागलं. ते पेटीसमोर बसले आणि माशाकडेच बघत राहिले, कारण पोरीकडे बघितलं असतं तर रडू आलं असतं.