फ्रायचे नाव

१२ सप्टेंबर २०२४. देखाव्यातले जीव चार : एक फ्रेंच निसर्गअभ्यासक, त्याचे दोन नोकर आणि एक कुत्रा.

कोल्हापुरातल्या एका गणेश मंडळाने त्या वर्षी सजीव देखाव्यासाठी आंरी मूओचे आयुष्य निवडले होते. कीटक आणि शंख गोळा करत सयाम-लाओसच्या जंगलांत हिंडलेला हा माणूस १८६१ मध्ये तापाने मेला. फ्राय आणि देंग या त्याच्या नोकरांनी त्याला पुरले, आणि त्याच्या वह्या व नमुने बँकॉकपर्यंत पोहोचवले. म्हणून मूओ जगाला कळला.

फ्राय झाला होता मौला. धंद्याने वेल्डर. मंडपाचा सांगाडा दरवर्षी तोच जोडतो आणि देखाव्यातही उभा राहतो. कधी मशालवाला, कधी शत्रूचा शिपाई. नाव असलेले पात्र त्याच्या वाट्याला प्रथमच आले होते. त्याने घरी तसे सांगितलेही होते.

सजीव देखाव्यात निवेदन आधीच ध्वनिमुद्रित असते. माणसे फक्त हालचाली करतात. त्या दुपारी चाचणीच्या वेळी मौलाच्या लक्षात आले, की देणगीदारांची नावे बसावीत म्हणून नोकरांची गाळली आहेत.

"अध्यक्ष, फ्रायचं नाव कुठं गेलं?"

"आवाज भरून झालाय मौला," हंबीरराव म्हणाले. "आता कुठं परत स्टुडिओत जातोस?"

"कुत्र्याचं हाय की."

"पोरांना कुत्रं आवडतंय रं."

"मग मी बी भुकलो असतो की!"

सगळे हसले. मौलाही हसला.

संध्याकाळी त्याची मुलगी तमन्ना मैत्रिणींना घेऊन अगदी पुढे उभी होती. मौलाने साहेबाला माती दिली, वह्या-नमुन्यांची पेटी डोक्यावर घेतली. "एका नोकराने," कर्णा म्हणाला. टाळ्या पडल्या.

"अब्बा, तुमचं नाव आलंच न्हाय."

"आलं की. गर्दीत तुला ऐकू आलं नसंल."

हंबीरराव मागेच उभे होते. खोटे मंडळाचे होते आणि ते मौलाने स्वतःच्या तोंडी घेतले, हे त्यांना समजले. त्यांची मान खाली गेली. नकळत घडलेली चूक सांगितली की दुरुस्त होते. ही कळून केलेली होती, म्हणून लाज वाटूनही ते गप्प राहिले. माईक हाताच्या अंतरावर होता.

विसर्जनापर्यंत तेच निवेदन वाजले. फ्रायचे नाव अद्याप देणे आहे.