भिंतीला भोक

असे किस्से साठवावे लागत नाहीत. सेंटर सुटलं की ते ओढणीला चिकटून आपोआप घरी येतात.

स्कॉटलंडमध्ये ऑक्युपेशनल थेरपी शिकताना माझ्या डोक्यात चित्र पक्कं होतं: एक शांत खोली, एक मूल आणि मी. वाढीत मागे पडलेल्या मुलांना जेवणं, बटण लावणं, खेळणं ही रोजची कामं शिकवायची. शिकून परतले आणि लखनौला नोकरी धरली. इंदिरा नगरच्या सेंटरमध्ये पहिल्याच दिवशी चार वर्षांचा गोलू आला. त्याच्यामागून मम्मी, पापा, दादी, चाचा आणि शेजारचे एक अंकल!

"अंकल कशाला?" मी रिसेप्शनवर हळूच विचारलं.

"मॅडम, गाड़ी इन्हीं की है।"

*

विकास नगरमध्ये मी भाड्यानं राहते. घरमालकीण मिश्रा आंटी रोज टोकायच्या, "बेटा, एसी लगवा लो। मगर दीवार में छेद होगा। पक्का रहोगी न?"

तेच तर मला माहीत नव्हतं! स्कॉटलंडमध्ये मिळालेली नोकरी अजून वाट पाहत होती. इथे माझा काही उपयोग होतोय का, ते कळत नव्हतं.

*

एका बँकवाल्या वडिलांना शंका आली. "मॅडम, खेल तो घर पर भी हो जाता है। इलाज कब शुरू होगा?"

मी पेटले. झोक्यानं तोल कसा सुधारतो, चिकणमातीनं बोटांत जोर कसा येतो, मेंदू कसा शिकतो... अर्धा तास! त्यांनी सगळं मन लावून ऐकलं.

"अच्छा," ते म्हणाले. "मतलब खेल।"

*

सेंटरमध्ये नवीन झोका टांगला तेव्हा एक मुलगी बसायला तयार नव्हती. तिचे आजोबा पुढे झाले, "रुकिए, पहले मैं चेक कर लूँ।" बसले. झुलले. उतरेनात!

नात शेवटी कंटाळून माझ्या मांडीवर येऊन बसली.

जाताना आजोबा म्हणाले, "बेटा, कमर को बड़ा आराम मिला। अगली बार कब आना है?"

*

साताऱ्याकडचं एक फौजी कुटुंब. मुलगा सात वर्षांचा, बूट कायम आईनंच घालायचे. मी आईला बजावलं, "ताई, तो घालेल. तुम्ही मदत करायची नाही. हातांवर बसा." ती खरंच हातांवर बसली!

खूप वेळानं त्याचा पाय बुटात गेला. "मम्मा, देखो!"

बूट उलट्या पायात होता. मी पटकन वाकले, तर मागून ताईंचा आवाज आला, "मॅडम, तुम्हीपण बसा हातांवर!"

*

पण माझी खरी परीक्षा गोलूच. डावा हात असून नसल्यासारखा, कायम मांडीखाली. बिस्किट असो, चेंडू असो, सगळं उजव्यानं. त्याचे दोन्ही हात समोर एकत्र यावेत, एवढंच मला हवं होतं. महिने गेले. साबणाचे फुगे झाले, ढोलक झाला, हात हलेना. स्कॉटलंडहून मेल आली: नोकरीवर येतेस का, शुक्रवारपर्यंत कळव.

गुरुवारी मी त्याच्या घरच्यांना निक्षून सांगितलं, "रोज घर पर भालू की तरह चलना है, दोनों हाथ ज़मीन पर। सब लोग साथ में।"

संध्याकाळी व्हिडिओ आला. बैठकीच्या खोलीत पदर खोचून दादी भालू झालेली. तिच्यामागे मम्मी, मग चाचा आणि शेवटी गुरगुरत गाडीवाले अंकल! गोलू मात्र सोफ्यावर.

"मैडम, सब कर रहे हैं, बस गोलू नहीं कर रहा," शूटिंग करणाऱ्या पापांचा ओशाळलेला आवाज.

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात अंकल टीपॉयवर धडकले. गोलू खदखदून हसला आणि टाळ्या वाजवायला लागला. थांबेचना!

"अरे, कोई चुप कराओ इसको," भालू झालेली दादी ओरडली, "मैडम को कुछ सुनाई नहीं देगा!"

मी व्हिडिओ पुन्हा लावला. मग आणखी एकदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिश्रा आंटींचं दार वाजवलं.

"आंटी, छेद कौन-सी दीवार में करवाऊँ?"