तात्यांची मॅट

आमच्या तात्यांना दुकानातली वस्तू विकत घेणं कमीपणाचं वाटायचं. ती एकदा नीट बघावी, चाचपावी आणि घरी येऊन तशीच करावी, असा त्यांचा खाक्या. "त्येला काय लागतंय?" हे त्यांचं वाक्य कानावर पडलं की थोरली आई, म्हणजे त्यांची बायको, घरातले चांगले डबे आणि चादरी आधी लपवून ठेवायची.

तात्या माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. साखर कारखान्यात फिटर होते, त्यामुळे पाने, हातोडे आणि आत्मविश्वास कायम हाताशी. पुण्यात कुणाच्या तरी घरी शॉवर बघून आले आणि तेलाच्या डब्याला भोकं पाडून त्यांनी आमच्या शेळगावात शॉवर केला. पाणी छान पडायचं, फक्त डबा रिकामा होईपर्यंत थांबायचं नाही. कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "घाई कशाला? न्हा की निवांत." आपण केलेल्या वस्तूत खोट असते हे त्यांना मान्यच नव्हतं. त्यांनी केलेल्या खुर्चीवरून एकदा एक पाहुणे पडले, तेव्हा तात्यांनी खुर्ची दुरुस्त केली नाही, पाहुण्यांना कसं बसायचं ते शिकवलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी दहावीत होते आणि कबड्डीत चढाई करण्यात इंदापूर तालुक्यात माझं नाव होतं. जिल्ह्याच्या निवड चाचणीचं बोलावणं आलं, पण शाळेतल्या बाईंनी सांगितलं की यंदा चाचणी मातीत नाही, मॅटवर होणार. आम्ही मॅट कधी पाहिलीही नव्हती. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, आधीच सांगून ठेवलं होतं: निवड झाली तर बारामतीला कॉलेजात राहून खेळायचं, नाही तर दहावीनंतर खेळ बंद. आण्णा शब्दाचे पक्के. मला जेवण जाईना.

तात्यांना हे कळलं आणि पुढच्या सुट्टीला ते एसटीने पुण्याला जाऊन एका क्रीडासंकुलातली मॅट बघून आले. तिथल्या शिपायाने त्यांना मॅटवर चढू दिलं नव्हतं, म्हणून कडेला उकिडवं बसून अंगठ्याने दाबून बघितली म्हणे. "गादीवानी हाय, पर गादी न्हवं," असा अहवाल मिळाला.

मग घरामागच्या परड्यातलं शेवग्याचं झाड तेवढं शिल्लक राहिलं, बाकी सगळं साफ झालं. मुरूम टाकून धुम्मसाने ठोकला. त्यावर कारखान्यातून आणलेला उसाचा भुसा अंथरला. खताची पोती उसवून थोरल्या आईने दाभणाने एकाला एक शिवली आणि ती वरून ताणून बसवली. पुण्याची मॅट हिरवी होती, म्हणून पाण्याच्या मोटारीला लावून उरलेला हिरवा रंग वर फासला. तो कधी पुरता वाळलाच नाही. महिनाभर माझे गुडघे हिरवे होते आणि वर्गात मला पोपट म्हणायचे.

उसाच्या भुशाला गोडवा असतो, हे जन्मभर कारखान्यात काढलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. तिसऱ्या दिवशी मुंगळे आले. मी 'कबड्डी कबड्डी' म्हणत चढाईला निघाले की निम्म्यात मुंगळा चावायचा आणि दम तुटायचा. तात्यांचं म्हणणं, तिथं लोक टाळ्या वाजवून लक्ष उडवतील, त्यापेक्षा इथं मुंगळ्यांची सवय केलेली बरी. तरी पुढच्या रविवारी भुसा काढून त्यांनी गुपचूप गव्हाचं भुसकट भरलं. विचारलं तर म्हणाले, हवा बदलली.

रोज कारखान्यातली पाळी संपली की पायजमा खोचून ते स्वतः पकडीला उभे राहायचे. पन्नाशी उलटलेला माणूस माझा घोटा धरायला झेप घ्यायचा आणि उठताना शेवग्याला धरून उठायचा. माझ्यासाठी एवढं आजवर कुणी पडलेलं नाही.

चाचणीला तेच सोबत आले. बाजूच्या रेषेला लागूनच बसले. दोनदा मी गडी मारून परतले. तिसऱ्यांदा दोन गडी एकदम मारायच्या नादात मागे सरकले आणि टाच त्याच रेषेबाहेर गेली. पुढच्या चढाईत पुन्हा तेच. यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं.

घरी आण्णा ओट्यावर बसले होते. मी तोंड उघडायच्या आत तात्या बोलले. "पोरीची चूक न्हाय. मॅट म्या चुकीची केली. आपली निसरती, तिथली पाय धरती. घोटाळली ती. एक वरीस दे तिला."

थोरली आई तांदूळ निवडायची थांबली. तीस वर्षांच्या संसारात तिने असलं काही ऐकलं नव्हतं. आण्णा भावाकडे बघून म्हणाले, "एकच वर्ष."

त्या वर्षाने माझं आयुष्य घडवलं. पुढच्या चाचणीत निवड झाली, बारामतीला गेले, आज शाळेत खेळ शिकवते. मॅट मात्र घरात चेष्टेचा विषय होऊन बसली. लग्नकार्यात आण्णा पाहुण्यांना रंगवून सांगायचे आणि जो माणूस आपल्या शॉवरबद्दल शब्द ऐकून घ्यायचा नाही, तो मान खाली घालून सगळ्यांबरोबर हसायचा. चाचणीतली मॅट पायाला आमच्या परड्यातल्यासारखीच लागली होती, हे मला ठाऊक होतं. लाजेने मी गप्प राहिले. याचं मला आजही वाईट वाटतं.

तात्यांच्या शेवटच्या आजारपणात मी एकदाचं सांगितलं, की मॅटने काही केलं नव्हतं, पाय माझाच बाहेर गेला.

"ठावं हाय. रेघंवरच बसलो हुतो की म्या," ते म्हणाले. "आण्णाला बोलू नगंस. इतकी वर्सं मॅटला हसतोय त्यो, हसू दे."

मी बोलले नाही. आता दोघंही नाहीत, म्हणून एवढं लिहून ठेवते: मॅट चांगली होती.