उचलता येईल तोवर

अट रत्नाकररावांनी स्वतःच स्वतःला घातली होती. आडवी पडलेली गाडी ज्या दिवशी एकट्याने उचलता येणार नाही, त्या दिवशी ती विकायची. त्यांच्या पत्नी नीलाताईंनी ती अट शांतपणे ऐकली, आणि मग म्हणाल्या, घ्या गाडी.

रत्नाकर दाबके एका सरकारी कारखान्यात चाचणी विभागात होते. कुठला भाग किती भार सोसतो, चीर आधी कुठे पडते, हे बघण्यात नोकरी संपली. निवृत्त झाले आणि मारतहळ्ळी या उपनगरातल्या फ्लॅटमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. दोन वर्षं बसले. पेपर मांडीवर असायचा, वाचलेला नसायचा. दाढी आधी रोज, मग दिवसाआड, मग आठवण करून दिली तर. पुण्याहून ईराचा, म्हणजे लेकीचा, फोन आला की मान हलवून तो बायकोकडे द्यायचे.

आणि एक दिवस त्यांना मोटरसायकल हवी झाली. लांब जाणारी, सामान बांधता येईल अशी, आणि वापरलेली. नव्या गाडीत शोधण्यासारखं काही नसतं, असं त्यांचं म्हणणं.

बऱ्याच गाड्या नापास झाल्या. शेवटी पीण्या या कारखान्यांच्या भागात, जुन्या गाड्या विकणाऱ्या मोहनकुमारच्या शेडमध्ये एक मिळाली. रत्नाकररावांनी टॉर्च काढला. टायर कधीचे आहेत ते वाचलं. पुढच्या चाकाचे, धक्के झेलणारे दांडे दाबून तेल गळतं का पाहिलं. पुढचं चाक उचलून धरायला लावलं आणि हँडल सावकाश फिरवलं, मध्ये कुठे अडखळतं का ते बघायला. चेन ओढली. बसून दोन्ही टाचा जमिनीला टेकतात याची खात्री केली.

"सर, गाडी घ्यायला आलात की पोस्टमॉर्टेम करायला?" मोहनकुमारने हिंदीत विचारलं.

पळते कशी हे तरुणांनी बघावं, मला थांबते कशी ते बघायचंय, असं त्यांनी उत्तर दिलं. मग गाडी आडवी करायला सांगितली. मोहनकुमार नाही नाही म्हणत राहिला आणि अखेर त्याने ती आडवी केली. रत्नाकरराव गाडीकडे पाठ करून सीटला टेकून खाली बसले. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागची कडी. पायांनी रेटत, बारीक पावलं टाकत मागे सरकले. गाडी उभी राहिली. पावणेदोनशे किलोंच्या वर वजन. मोहनकुमारने किमतीत उगीचच थोडं कमी केलं.

त्यानंतर घर बदललं. रत्नाकरराव पहाटे उठू लागले. रविवारी तळघरातल्या पार्किंगमध्ये चेन रॉकेलने धुवायची, पुसायची, तेल द्यायचं. ब्रेकचं तेल बदललं, दांड्यांची सीलं बदलली. नीलाताई टॉर्च धरायच्या आणि हाताला वास लागला म्हणून कुरकुरायच्या. चाळीस वर्षांत माझ्या मिक्सरकडे कधी एवढं बघितलं नाहीत, असं म्हणून झालं. रत्नाकरराव हसले. ते हसले, हे नीलाताईंनी ईराला फोन करून सांगितलं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी परीक्षा. गाडी आडवी, पाठ टेकायची, उचलायची. नीलाताई साक्षीदार. दुसऱ्या परीक्षेला त्यांनी खाली गोणपाट अंथरलं. गाडीच्या लोखंडी गार्डला ओरखडे पडतात म्हणाल्या. काही महिन्यांनी जुनी सतरंजी आली. उन्हाळ्यात कापसाची गादी. रत्नाकरराव दर वेळी पास झाले. सावनदुर्गाला जाऊन आले, मेलकोटेला जाऊन आले. केरळपर्यंत जायचं, असं बोलू लागले.

मग देवरायनदुर्गच्या घाटात गाडी पडली.

वेग काहीच नव्हता. वळणावर बारीक खडी होती, पुढचं चाक सरकलं आणि गाडी उताराच्या बाजूला कलंडली. रत्नाकररावांना खरचटलंसुद्धा नाही. गाडी रस्त्यात आडवी. खरं तर वर वळणापाशी जाऊन येणाऱ्याला हात दाखवायचा. त्यांनी तसं केलं नाही. उचलणं त्यांना येत होतं, दर महिन्याला उचलत होते. ते पाठ टेकून बसले आणि रेटलं. गाडी हलली नाही. पुन्हा रेटलं. पाय खडीवर घसरले. तिसऱ्यांदा डोळ्यांपुढे काळं आलं, तरी हँडल सोडलं नाही. वळणावरून विटांचा टेम्पो आला तेव्हा ते रस्त्यात बसलेलेच होते.

टेम्पो पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर उतरला. कन्नडमध्ये बोलत सुटला. अज्जा, गाडी दुसरी मिळते, बाजूला उभं राहता येत नव्हतं का. त्याने हात लावला आणि गाडी दोघांत चटकन उभी राहिली. त्याने रत्नाकररावांना पाणी पाजलं, आणि ते निघेपर्यंत टेम्पो हलवला नाही.

घरी येताना ते एकाच गोष्टीचा विचार करत होते. रविवारी उचलली जाणारी गाडी घाटात का नाही? उतार होता, खडी होती. तेवढ्याने भागत नव्हतं. जेवण न करता ते टेप घेऊन तळघरात गेले. गाडी गादीवर कलती केली, हँडल जमिनीपासून किती वर आहे ते मोजलं. ती तशीच उभी केली. गादी ओढून काढली. गाडी फरशीवर आडवी केली, पुन्हा मोजलं. मोजायचीसुद्धा गरज नव्हती. गादीवर गाडी पडतच नव्हती, अर्धी उभीच राहत होती. फरशीवरून ती त्यांना उचलता आली नाही. वॉचमन शिवकुमारला हाक मारावी लागली.

वर आले तेव्हा नीलाताई ताट वाढून बसल्या होत्या.

"गादी ओरखड्यांसाठी घातलीस?"

त्यांनी आमटीवर झाकण ठेवलं. "नाही."

"मग?"

"सतरंजीवर उचललीत त्या दिवशी तुमचे ओठ काळे पडले होते. जिन्यात बसलात, मला वाटलं आता उठत नाहीत. पुढच्या महिन्यात नापास झाला असतात."

"मग व्हायला हवं होतं. परीक्षा कशासाठी असते?"

"आणि परत त्या खुर्चीत बसला असतात." नीलाताईंचा आवाज चढला नाही. "अहो, घाटात गेलात की मला भीती वाटायची. पण खुर्चीत बसलेले असायचात, तेव्हा जास्त वाटायची."

रत्नाकररावांना राग आला होता, तो कुठे ठेवावा ते कळेना. मग त्यांनी टेम्पोचं सांगितलं. सगळं, हातभर अंतरासकट. आपण रस्त्यातून का उठलो नाही, तेही. मला येतं असं वाटत होतं, म्हणाले.

नीलाताई ऐकत राहिल्या. नंतर ताटं तशीच उचलून आत ठेवली. त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

जाहिरात रत्नाकररावांनी मोबाइलवरून टाकली. फोटो काढायच्या आधी गाडी धुतली, चेनला तेल दिलं. इंजिनमधला बारीकसा आवाज, मागच्या टायरची झीज, सगळं लिहिलं. विकायचं कारण लिहायच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. मग खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

फोन आला. अनोळखी नंबर होता. त्यांनी बघितलं आणि वाजू दिला. थांबला. पुन्हा वाजू लागला. नीलाताई स्वयंपाकघरातून आल्या, हात पदराला पुसला आणि त्यांच्यासमोरचा फोन घेतला.

हो, आहे, विकायची आहे, असं त्या हिंदीत म्हणाल्या. तेल कधी बदललं ते सांगितलं. सीलं नवी आहेत, चेन दर आठवड्याला साफ होते, मागचा टायर मात्र बदलावा लागेल. पलीकडच्याला शंका उरू नये असं सगळं त्या सांगत होत्या. आणि मध्येच थांबल्या. फोनवर हात ठेवला.

"का विकताय विचारतोय."

त्यांना एखादं कारण सहज सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. नुसत्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

रत्नाकररावांनी हात पुढे केला. फोन कानाला लावला.

"पडली तर मला उचलता येत नाही," ते म्हणाले.

पलीकडचा माणूस गाडीचा रंग कुठला ते विचारू लागला. रत्नाकररावांनी सांगितला.