निवडलेले आकडे

प्रेशरचं मशीन ताईंनी माझ्या हातात ठेवलं तेव्हा मी ते आधी कपाळाला लावलं. ताई हसल्या. "मावशी, ते दंडाला लावायचं असतं," म्हणाल्या.

ताई म्हणजे बेंगळुरूच्या येलहंक्यात आम्ही राहतो त्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या. पुण्याच्या आहेत. नवराबायको दोघंही कंप्युटरवर काम करतात आणि त्यांचा स्वयंपाक मी करते. माझे मालक त्याच बिल्डिंगचे वॉचमन, म्हणून पाण्याच्या पंपाशेजारची खोली आम्हाला राहायला मिळाली आहे. गाव आमचं जत तालुक्यात. मी सातवीत असताना माझ्या आईला लकवा मारला, घरात भाकरी थापणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून माझी शाळा सुटली. आईचं प्रेशर आधीपासून वाढलेलं होतं हे आम्हाला फार नंतर कळलं. तेव्हापासून झोपेत हात अवघडून मुंग्या आल्या तरी मी आधी बोटं हलवून बघते.

त्यामुळे माझंही प्रेशर वाढलंय असं कळलं तेव्हा मी घाबरले, यात नवल नाही. ताईंनीच मला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे शिकणारे डॉक्टर बसतात आणि त्यांच्यावर एक मोठे डॉक्टर असतात. मला मिळाली ती तरुण डॉक्टरीणबाई बेळगावकडची निघाली. माझं नाव-गाव वाचून ती एकदम मराठीत म्हणाली, "जतच्या काय तुम्ही? मग बसा की हो आक्का, उभ्या कशाला?" इतक्या वर्षांत बेंगळुरूच्या दवाखान्यात मला बस म्हणणारी ती पहिलीच. मी बसले आणि डोळ्यांना पदर लावला.

गोळी सुरू झाली. पण दर वेळी दवाखान्यात प्रेशर वाढलेलंच निघायचं. एकदा तिने पट्टा सोडला आणि मला समजावलं, "आक्का, काही लोकांचं प्रेशर आम्हाला बघूनच वाढतंय. तुमचं तसं आहे की खरंच जास्त आहे, ते घरी बघायला पाहिजे. सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी जेवायच्या आधी. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीला टेकवून. मग दोनदा घ्यायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. सात दिवस."

"चांगलं लिहीन," मी म्हणाले.

"चांगलं नको. जे येईल ते लिहा."

सरी, म्हणजे बरं, म्हणून मी मान हलवली. आता वाटतं, ते शेवटचं वाक्य माझ्या कानावरून नुसतं गेलं असणार.

पहिल्या सकाळी ताईंचं मशीन घेऊन पंप बंद होईपर्यंत थांबले, कारण त्याच्या आवाजाने प्रेशर वाढेल असं मला वाटलं. पट्टा लावला. एकशे त्रेपन्न आलं. हा काही बरोबर आकडा नाही, मी मनात म्हटलं. बसण्यात काहीतरी चुकलं असेल. पाणी प्यायले, देवापुढे बसले, परत लावला. एकशे एकोणपन्नास. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पाचव्या वेळेला एकशे एकतीस आलं आणि मला हायसं वाटलं. मग अजून एकदा घेतलं, ते एकशे अठ्ठावीस. हे दोन मी वहीत लिहिले. अक्षर नीट काढलं, खाली पट्टीने रेघ मारली.

मालक दारात चहा पीत बघत होते. "परीक्षेला बसलीस का काय?" म्हणाले. "किती येळा तेच ते?"

"नीट येईपर्यंत."

"मशीन कंटाळंल एखाद दिवशी. उठून जाईल."

सात दिवस हेच चाललं. यात खोटेपणा आहे असं एकदाही मनात आलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. तांदूळ निवडायला बसलं की खडा दिसतो, तो आपण बाजूला काढतो. ज्याच्या ताटात खडा येतो तो स्वयंपाकिणीला नावं ठेवतो. मी जन्मभर निवडून, पाखडून, गाळून पुढे ठेवत आले. ताईंनी मशीन दिलं, डॉक्टरीणबाईंनी बसायला खुर्ची दिली, त्यांच्यापुढे मी खड्यांसकट वही ठेवू?

आठव्या दिवशी ती वही बघून डॉक्टरीणबाईंचा चेहरा असा फुलला की माझ्या कष्टाचं चीज झालं. तिने आधी माझं प्रेशर मोजलं. एकशे अठ्ठावन्न. मग वही उचलून शेजारच्या टेबलावर मोठ्या डॉक्टरांकडे गेली. ते केस पांढरे झालेले, हळू बोलणारे गृहस्थ. दोघं कानडीत बोलत होते, मध्ये मध्ये इंग्रजी. कानडी मला बोलता येत नसली तरी आता समजते. आणि बोलणं माझंच चाललं होतं.

ती म्हणत होती की आता नवं संशोधन सगळं घरच्या आकड्यांच्या बाजूचं आहे. पुढे काय होणार ते दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा घरचे आकडे जास्त सांगतात. घरी हिचं इतकं चांगलं असेल तर आपण हिला उगाच औषध देतोय. ही दिवसभर जिने चढते, गॅसपुढे उभी असते, चक्कर येऊन पडली तर? गोळी निम्मी करू या.

मोठे डॉक्टर म्हणाले, "संशोधन मीही वाचतो. घरचे आकडे मोजायचे, हे मला मान्य. पण वाढलेलं कशाला म्हणायचं, रेषा कुठे ओढायची यावर अजून भांडणं चालू आहेत. कुणी एकशे चाळीस म्हणतं, कुणी एकशे तीस. आणि हिच्या घरच्या आणि इथल्या आकड्यांत तर तीसचा फरक. एवढी घाबरते ही?"

"घाबरतेच सर. मघाशी पट्टा बघून घाम आला."

"मग तू जिंकलीस म्हणायचं," ते हसले आणि वहीची पानं उलटू लागले. "जरा थांब. अक्षर किती सुरेख आहे बघ. एकही खाडाखोड नाही."

ते 'खाडाखोड नाही' ऐकल्यावर मी वहीवरची नजर काढून घेतली. डॉक्टरीणबाई गोळी निम्मी करायचा कागद लिहायला बसली. तिचं पेन चालू लागलं आणि मला आमची गावची खोली दिसली, कोपऱ्यातली खाट, आणि भाकरीचा तुकडा उजव्या हातातून निसटल्यावर त्याच्याकडे बघत बसलेली आई. ती वही खरी धरून ही मुलगी माझी गोळी कमी करतेय. आणि वही तर मी निवडलेली आहे.

बोलले तर ही आपल्या सरांपुढे हरणार, हेही मला समजत होतं. आणि मला खुर्ची देणारी तीच. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. तेवढ्यात तिने कागद फाडला आणि माझ्यापुढे धरला.

"बाई," मी म्हणाले, "त्या वहीत सगळे आकडे नाहीत."

"म्हणजे?"

"जास्तीचे मी लिहिले नाहीत. चांगला येईपर्यंत घेत होते."

"किती वेळा?"

"पाच-सहा वेळा. एकदा नऊ वेळा."

तिने हातातला कागद खाली ठेवला. पलीकडून मोठ्या डॉक्टरांनी कानडीत विचारलं, काय झालं? तिने सांगितलं. तिचे कान लाल झालेले मला दिसले. मला वाटलं आता ताईंचं मशीन परत करायला सांगतील, दुसऱ्या खोलीत पाठवतील. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत मला विचारलं, "पहला वाला कितना आता था, अम्मा?"

"एकशे पन्नासच्या आसपास. रोज."

त्यांनी मान हलवली आणि तिला म्हणाले, "मग तुझं बरोबरच आहे. घरचेच आकडे धरायचे. फक्त सगळे."

डॉक्टरीणबाईंनी तो कागद चुरगळून टोपलीत टाकला. मग एकदम हसली, स्वतःशीच. "आक्का, तुम्ही एकट्या नाही हो. आमच्या मोठमोठ्या संशोधनातही हेच भांडण आहे. औषध लागू पडलं की लगेच छापून येतंय. लागू पडलं नाही ते कागद कपाटात पडून राहतात. मग आम्ही अर्धंच वाचून पेशंटला गोळ्या देतोय."

"शिकलेली माणसंसुद्धा?"

"शिकलेलीच की. तुम्ही निदान तोंडाने सांगितलंत."

मला त्याने फार बरं वाटलं नाही, खरं सांगायचं तर. उलट ज्यांच्यावर आपण भरवसा टाकून बसतो त्यांनाही कुणीतरी निवडून वाढलेलंच वाचावं लागतं, या विचाराने जराशी धडकी भरली. पण तिने खुर्ची पुढे ओढून माझा हात हातात घेतला आणि मी वहीबरोबर आणलेल्या मशीनचं एक बटण समजावलं. ते दाबलं की आधी घेतलेले सगळे आकडे एकामागून एक दिसतात. म्हणजे माझे खडे मशीनने सगळे सांभाळून ठेवले होते. मालकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघ, उठून नाही गेलं. मशीन गप बसून बघत असतंय."

गोळी निम्मी झाली नाही. तिच्या जोडीला दुसरी आली. नवी वही ताईंनी दिली, पण पट्टीने रेघा मारणं मी सोडलं. पहिले दोन दिवस वाईट आकडा लिहिताना हात जड व्हायचा. भाजीत मीठ जास्त पडलंय हे ठाऊक असूनही वाटी पाहुण्यांपुढे सरकवावी तसं वाटायचं.

आज सकाळी लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर दोनदा चढउतार झाला, मग खाली येऊन पाच मिनिटं बसले. पंप चालूच होता, त्याची वाट बघितली नाही. पहिला आकडा एकशे चव्वेचाळीस, दुसरा एकशे एकोणचाळीस. तिसरा घ्यावा असं मनात आलं. बोट बटणापर्यंत गेलंही होतं.

दोन्ही लिहिले, पट्टा गुंडाळला आणि गोळ्या घेतल्या.