कव्हरवाली वहिनी आणि वाचवलेली कंपनी

आमच्या गल्लीत सगळे तिला कव्हरवाली वहिनी म्हणायचे. नवरा गेल्यावर तिने पुढच्या खोलीत शिलाई मशीनं मांडली, चार बायका हाताशी घेतल्या आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या विमान कंपनीच्या सीटांची कव्हरं शिवायला लागली. कापड निळं आणि इतकं जाड की सुया मोडायच्या. धाकटा दीर त्याच कंपनीत मेकॅनिक, राहायला तिच्याकडेच. थोडक्यात, घरातला चहासुद्धा त्या कंपनीच्या भरवशावर उकळायचा.

मग कंपनी बुडायला लागली. कशाने, ते कुणी नीट सांगितलं नाही. विमानांपेक्षा उपाध्यक्ष जास्त झाले होते एवढंच दीर सांगायचा. विमानं जमिनीवर उभी राहिली आणि वहिनीची मशीनंही.

सरकारला मात्र पाझर फुटला. अर्थमंत्री टीव्हीवर आले आणि जड आवाजात म्हणाले, "ही कंपनी पडली तर देश पडेल." सरकारने धंद्यात नाक खुपसू नये, असं कंपनीचे मालक एरवी दर भाषणात सांगायचे. त्या आठवड्यात नेमकं त्यांना भाषणाला वेळ झाला नाही. सरकारी तिजोरी उघडली, विमानं उडाली, दिराची नोकरी टिकली. वहिनीने गल्लीत पेढे वाटले, आणि अगदी मनापासून वाटले.

कव्हरांचं काम मात्र परत आलं नाही. वाचलेल्या कंपनीला आता काटकसर करायची होती. ती कुठून तरी सुरू करायला हवी, आणि उपाध्यक्षांपासून सुरू करणं काही बरं दिसलं नसतं. परदेशातून स्वस्त तयार कव्हरं आली.

वहिनी उद्योग खात्याच्या कार्यालयात गेली. खिडकीमागच्या कारकुनाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुमच्याकडे माणसं किती?"

"माझ्यासकट पाच."

"मग काळजी नको," तो मायेने म्हणाला. "तुम्ही बंद पडलात तरी देशाला काही होत नाही."

अगदीच रिकाम्या हाताने पाठवायला नको म्हणून त्याने तिचं नाव एका मोफत शिबिरात घातलं. विषय होता 'धंद्यातली शिस्त'.

शिबिराचा हॉल थंडगार होता. दुकान बंद पडलेला बेकरीवाला, छापखानेवाला, दोन न्हावी, असे सगळे बेशिस्त लोक खुर्च्यांवर बसले होते. शिकवायला आले होते त्याच विमान कंपनीचे हिशेब सांभाळणारे माजी मोठे साहेब. कंपनी वाचल्यावर त्यांना सन्मानाने निवृत्त केलं होतं. दुसऱ्याच्या पैशावर मोठेपणा मिरवू नका, असं त्यांनी तळमळीने सांगितलं. बेकरीवाल्याने ते लिहूनही घेतलं.

वहिनीने हात वर केला. "साहेब, हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं, की कंपनी बुडायला लागल्यावर कळलं?"

"बुडायला लागल्यावरच," साहेब मोकळेपणाने म्हणाले. "म्हणून तर मला बोलावलंय."

सगळ्यांना चहा आणि प्रमाणपत्र मिळालं.

संध्याकाळी दीर जेवायला बसला, पण ताटाला हात लावेना. "वहिनी, मला लाज वाटते. तुमचं काम गेलं, आणि मी रोज डबा घेऊन तिथेच जातो."

"भाऊजी, तुमची नोकरी गेली असती तर माझं काम परत आलं असतं का?"

"नाही."

"मग जेवा. निम्मं घर तरी वाचलं."

"पण सरकारने केलं ते बरोबर होतं का?"

तिने त्याच्या ताटात भात वाढला. "तुम्हाला वाचवलं, ते बरोबर. तुमचं नाव पुढे करून मालकांना वाचवलं, ते नाही. आणि तुम्हाला वाचवायला ते मंत्री आले होते, असं काही मला वाटत नाही."

दिराने भात कालवला.

उरलेल्या निळ्या कापडाच्या वहिनीने शाळेच्या पिशव्या शिवल्या. फाटता फाटत नाहीत म्हणून त्या खपल्या, मग नवं कापड आणावं लागलं. सुट्टीच्या दिवशी दीर सायकलवरून माल पोचवतो. धंदा कसा आहे म्हणून विचारलं तर वहिनी म्हणते, "सरकारची अजून नजर पडलेली नाही, तेव्हा बराच म्हणायचा."

चौघींपैकी दोघी परत आल्या. तिसरी आता लोकांच्या घरी स्वयंपाक करते. चौथी इथली खोली सोडून लांब लेकीकडे राहायला गेली. तिचं मशीन वहिनीने विकलेलं नाही. अधूनमधून पुसून, तेल घालून ठेवते.