बाहेरच्या खोलीतलं वर्ष

लिफ्ट दुरुस्त करणारा एक मेकॅनिक वर्षभर बाहेरच्या खोलीत एकटा झोपत होता. बायकोला त्याने पाठदुखीचं निमित्त सांगितलं होतं, पण खरं दुखणं निराळंच होतं. त्याच्या लिंगाला बाक आला होता आणि ताठरता आली की कळ यायची. हा कॅन्सरच, असं मनाशी धरून तो झुरत राहिला, पण लाजेपोटी कुणापाशी ब्र काढला नाही.

शेवटी धीर करून तो डॉक्टरांकडे गेला. तपासून ते म्हणाले, "कॅन्सर नाही. आत कडक चट्टा तयार झालाय, त्यानेच बाक येतो. ऑपरेशनची घाई नको. चट्ट्यात इंजेक्शनं देऊ आणि ताण देणारं उपकरण रोज घरी लावायचं. बाक पुरता जाईलच असं नाही, पण कमी होऊ शकतो. घरी सांगितलंय?"

त्याने मानेनेच नाही म्हटलं.

उपकरण घरात लपवणार कुठे? त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं. ती हातातल्या टॉवेलची घडी घालत राहिली.

"वर्षभर मला वाटत होतं, मीच तुम्हाला नकोशी झालेय," ती म्हणाली.



काही महिन्यांत कळ थांबली, बाकही थोडा कमी झाला. त्या वर्षाबद्दल मात्र दोघं पुन्हा कधीच बोलले नाहीत.